फाट्यावरचा थांबा

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘बायपासनंतर फाट्याच्या गावाचं काय?’ त्याकडे येतोच. पण बायपास अजून नकाशात असतो आणि थांबा रोज सकाळी सातला भरलेला असतो, म्हणून आधी थांबा.

आळेफाट्याचंच उदाहरण घेऊ, सगळ्यांच्या पायाखालचं आहे. पुणे–नाशिक आणि कल्याण–नगर हे दोन रस्ते इथे एकमेकांना छेदतात. जुने क्रमांक 50 आणि 222, 2010च्या फेरक्रमांकात 60 आणि 61 झाले. कंडक्टर मात्र अजून ‘फाटा, फाटा’च ओरडतो, त्याला राजपत्र लागू नाही. मूळ गाव आळे, ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी असलेलं, ते आत राहिलं आणि दुकानं चौकाला येऊन चिकटली. कारण सरळ आहे. माळशेज चढून आलेला माणूस संगमनेरला जायला इथेच गाडी बदलतो. सोमवारी बेल्ह्याच्या बैलबाजाराला निघालेला नारायणगावकडचा माणूसही इथूनच वळतो. गाडी बदलायची म्हणजे थांबायचं, थांबायचं म्हणजे चहा. कांद्याचे लिलाव फाट्यावर होतात तेही त्याचमुळे: भरलेला ट्रक चारही दिशांना सुटतो.

आता माझं जुनं दुखणं. कुठल्याही फाट्यावर जा, एसटी कुठे थांबते? बरोबर कोपऱ्यावर, चौकाच्या अलीकडे. उभ्या एसटीने काय होतं बघा. आडव्या रस्त्याने येणाऱ्या मोटरसायकलवाल्याला हमरस्त्यावरचं काही दिसत नाही. उतरलेला प्रवासी बसच्या पुढून रस्ता ओलांडतो आणि बसला ओव्हरटेक करणाऱ्या टेम्पोला तो शेवटच्या क्षणी दिसतो. हिशेब करा. ताशी 80 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 22 मीटर. ड्रायव्हरला उमजून ब्रेकवर पाय पडेपर्यंत अडीच सेकंद धरतात, तिथेच 55 मीटर संपले. गाडी पूर्ण थांबायला 120 मीटर लागतात. आडव्या रस्त्यावरून शिरणाऱ्याला तर 8 सेकंदांचं अंतर मोकळं दिसायला हवं, म्हणजे 180 मीटर. तेवढ्या अंतरात आपण काय काय उभं केलंय? बस, रसवंती, वाढदिवसाचा फ्लेक्स. फ्लेक्सवरच्या साहेबांना शंभर वर्षं आयुष्य लाभो, पण ते चौकापासून जरा लांब लाभो.

थांबा चौक ओलांडून पुढे हवा. मग बस चौक मोकळा करून थांबते आणि माणसं तिच्या मागून ओलांडतात. भारतीय रस्ते काँग्रेसच्या (रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या) संहितेत मोठ्या चौकापासून 300 मीटर अंतर इष्ट म्हटलंय, गावरस्त्याच्या छोट्या फाट्याला 60 मीटर चालतात. आता 300 मीटर दोन पिशव्या आणि एक लेकरू घेऊन कोण चालणार? माझं मत, 60 ते 75 मीटरवर थांबा द्या, पण तिथपर्यंत गटारावर फरशी टाकून पायवाट द्या आणि डांबरी रस्त्याबाहेर एका बसला 15 मीटर लांबीची जागा काढा. बस वारंवार उजवीकडे वळत असेल तर मात्र थांबा चौकाच्या बराच अलीकडे हवा, नाहीतर तिला थांब्यावरून निघून लगेच सगळी रहदारी आडवी कापावी लागते.

आणि निवारा शेड! ती कुठे बांधतात? जिथे सरकारी जागा मोकळी सापडेल तिथे. तोंड पश्चिमेला, म्हणजे दुपारभर ऊन थेट बाकड्यावर. येणाऱ्या बसच्या बाजूची भिंत पक्की, म्हणजे बसची पाटी दिसत नाही. पाटी दिसत नाही म्हणून माणसं बाहेर, टपरीच्या सावलीत उभी राहतात. माणसं तिथे म्हणून बस तिथे, बस तिथे म्हणून माणसं तिथे. शेडमध्ये मग कुणाच्या तरी कांद्याच्या गोण्या विश्रांती घेतात. निधी देणाऱ्यांचं नाव शेडवर असतं, गोण्यांच्या मालकाचं नसतं. उपाय स्वस्त आहे: बस येते त्या बाजूला भिंतीऐवजी जाळी, पुढे किमान दोन फूट पत्रा जास्त आणि चहाच्या टपरीला शेडशेजारीच जागा. टपरी हलली की थांबा हलतो.

गतिरोधकाबद्दल दोनच वाक्यं बोलणार होतो, चार होतील. अपघात होतो, रास्ता रोको होतो, रात्रीतून डांबराचा उंचवटा पडतो. नियमातला उंचवटा 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असतो, 25च्या वेगाने अलगद पार होतो. आपला जेमतेम दीड फूट रुंद आणि उभ्या चढाचा असतो, त्यावर गरोदर बाई आणि ट्रॅक्टरची ट्रॉली दोघींचे हाल. शिवाय राष्ट्रीय महामार्गावर गतिरोधक नियमात बसतच नाही. तो गावरस्त्यावर घाला, हमरस्त्याच्या कडेपासून 5 मीटर आत, आणि 40 मीटर आधी फलक लावा.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. बायपास. भराभर सांगतो.

खेड–सिन्नर चौपदरीकरणात मंचर, नारायणगावला बायपास मिळाले. अशा गावात जाता-जाता थांबणाऱ्यांवर चालणारा धंदा बसतो: हॉटेल, फळांच्या गाड्या, पंक्चर. आसपासच्या गावांवर चालणारा टिकतो: कृषी सेवा केंद्र, दवाखाना, हार्डवेअर, बाजार समिती. तेव्हा ग्रामपंचायतीने आपल्या गाळ्यांत जागा दुसऱ्या प्रकाराला आधी द्यावी.

बायपासच्या दोन्ही टोकांना नवा फाटा उगवतो. प्लॉट विकले जाण्याआधी तिथे ग्रामीण भागातली 40 मीटरची इमारत रेषा (हिच्या आत बांधकाम नाही) आणि 75 मीटरची नियंत्रण रेषा (हिच्या आत बांधकामावर नियंत्रण), दोन्ही रस्त्याच्या मध्यापासून, जमिनीवर दगड रोवून दाखवा. एसटी गावातून जाईल की बाहेरून, हे आगाराकडून लेखी घ्या आणि पाटीवर ‘मार्गे’ लिहून घ्या.

सगळ्यात महत्त्वाचं, आराखडा पाहायला मिळतो तेव्हा भुयारी मार्गाची उंची विचारा. रुंदी सगळे विचारतात. मोठ्या वाहनांचा मार्ग 5.5 मीटर उंच असतो, माणसं-जनावरांचा साधारण 3 मीटर. बाजाराच्या रस्त्यावर दुसरा आला तर कडब्याची ट्रॉली आणि भरलेला कांद्याचा ट्रक दोन्ही पुढच्या उंच भुयारी मार्गापर्यंत वळसा घालणार. काँक्रीट पडल्यावर उंची वाढत नाही. ठराव त्याआधीचा हवा, त्यात मीटर आकड्यात लिहा. प्रश्न असतील तर बाहेर चहाजवळ विचारा, सभागृह रिकामं करायचंय.