मीटर वाचणाऱ्याच्या हाती घराची किल्ली

मंडळी, संगणकाच्या कारभारावर नजर ठेवणाऱ्या प्रोग्रामांचे अधिकार कसे उतरवावेत, हा आजचा विषय आहे. पण त्याआधी माझे एक जुने गाऱ्हाणे तुम्हाला ऐकून घ्यावे लागेल.

मी पूर्वी ज्या कार्यालयात होतो, तेथील लिनक्स सर्व्हरवर एका दक्ष प्रशासकाने ‘हाइडपिड’ हा पर्याय लावला आणि ज्याला त्याला केवळ स्वतःच्याच प्रोसेस, म्हणजे चालू असलेले प्रोग्राम, दिसू लागल्या. हेतू उत्तमच होता. मात्र सर्व्हर मंदावला की तो कोणामुळे, हे कोणालाच कळेना, म्हणून तक्रारींना कंटाळून त्याच गृहस्थांनी चालू प्रोसेसची यादी दाखवणाऱ्या ‘टॉप’ या प्रोग्रामवर सेटयूआयडी ही मालकाच्या अधिकाराने चालवणारी खूण चढवली, म्हणजे परवानग्यांच्या ओळीत ‘एक्स’च्या जागी ‘एस’ आला आणि ‘टॉप’ कोणीही चालवला तरी तो रूट, म्हणजे सर्वाधिकारी, म्हणून चालू लागला. आता ‘टॉप’ हा नुसता बघ्या नव्हे. एका शिकाऊ मुलाने ‘व्हीआय’ या मजकूर-संपादकाच्या सवयीने, यादीत वर सरकण्यासाठी, ‘के’ दाबले. ‘टॉप’मध्ये ‘के’ म्हणजे किल, प्रोसेस मारणे. समोर आलेला प्रश्न काही कळेना, तेव्हा तो घालवण्यासाठी त्याने दोनदा एंटर मारले. यादीत पहिल्या क्रमांकावर असलेली, अर्थातच सर्वांत राबणारी, डेटाबेसची प्रोसेस तत्क्षणी निवर्तली. बोलणी त्या मुलाने खाल्ली. वास्तविक ‘हाइडपिड’च्या जोडीला एका गटाचा क्रमांक दिला असता, तर निवडक लोकांना यादी दिसली असती आणि ‘टॉप’ला हात लावण्याची गरजच उरली नसती.

हा रोग जुना आहे. बीएसडी युनिक्सवरील ‘पीएस’ हा प्रोसेसची यादी देणारा प्रोग्राम ‘केमेम’ या फाइलमधून थेट कर्नेलची, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याची, स्मृती वाचत असे आणि त्यासाठी त्याला ‘केमेम’ गटाचा अधिकार दिलेला असे. ज्याला ती स्मृती वाचता येते, त्याला इतरांनी टर्मिनलवर टंकलेला पासवर्डही वाचता येतो. आमच्या वाड्यात विजेची मीटरे जिन्याखाली होती. आकडा टिपायला आलेला माणूस कधी कोणाच्या माजघरात शिरला नाही. पुढे ‘सिसकंट्रोल’ आणि ‘प्रॉक’ या कर्नेलच्या सोयींनी हेच केले, म्हणजे कर्नेलच आकडे बाहेर मांडू लागले. २०२१ मध्ये लिनक्सच्या ५.१३ आवृत्तीतून ‘केमेम’ काढूनच टाकले गेले.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा जे सांगण्यासाठी आलो ते आता भराभर सांगतो. अधिकार द्यावाच लागला, तर तो तुकड्याने द्यावा: ५.८ आवृत्तीपासून कार्यक्षमता मोजण्यासाठी ‘कॅप-परफमॉन’ हा स्वतंत्र अधिकार आहे. प्रोग्रामही दुभागावा: नेटवर्कवरील वाहतूक तपासणाऱ्या वायरशार्कमध्ये पॅकेट, म्हणजे माहितीचे तुकडे, पकडण्याचे काम छोटा ‘डंपकॅप’ करतो आणि त्यांचा अर्थ लावणारा अवाढव्य भाग साध्या अधिकारावर चालू शकतो. शेवटचे म्हणजे, कधीकधी आकडाच फितूर होतो. प्रोसेसरच्या वीजवापराच्या नोंदींवरून गुप्त किल्ल्या काढता येतात, हे २०२० मध्ये ‘प्लॅटिपस’ हल्ल्याने दाखवले. लिनक्सने त्या नोंदी रूटपुरत्या मर्यादित केल्या आणि विजेचा खप मोजणारी साधने पुन्हा रूटच्या दारात उभी राहिली.