दोन हजार दोनशे दोन योजनं

सकाळी साडेसहाला घरच्या ग्रुपवर मेसेज पडतो. उगवत्या सूर्याचा फोटो, खाली संस्कृत श्लोक आणि एक गणित: ऋग्वेदात प्रकाशाचा वेग! काका पाठवतात, मावशी हात जोडते.

आपण पोथीच उघडू.

[दृश्य: ग्रंथाची पानं उलटणारा हात]

पुण्याच्या वैदिक संशोधन मंडळानं छापलेला सायणभाष्यासह ऋग्वेद. पहिलं मंडल, पन्नासावं सूक्त, चौथी ऋचा. ‘तरणिर्विश्वदर्शतो ज्योतिष्कृदसि सूर्य’. ऋचेत आकडा कुठेच सापडत नाही. तो आहे खाली, सायणाचार्यांच्या भाष्यात. म्हणजे चौदाव्या शतकात, विजयनगरच्या राज्यात. तिथेही ते ‘असं स्मरतात’ म्हणून आधीचाच एक श्लोक देतात: अर्ध्या निमिषात दोन हजार दोनशे दोन योजनं चालणाऱ्या सूर्या, तुला नमस्कार. योजन हे अंतराचं जुनं माप, निमिष म्हणजे पापणी लवायला लागणारा वेळ.

चालणाऱ्या! आचार्य इथे ‘तरणि’ शब्द उलगडतायत. दुसऱ्या कुणाला जमणार नाही एवढी लांब वाट कापणारा, तो तरणि. वेग आहे सूर्याच्या फेरीचा. भागवताच्या पाचव्या स्कंधातही सूर्य क्षणाला दोन हजार योजनं आणि वर एक गव्यूती, म्हणजे योजनाहून लहान माप, चालतो.

मग मेसेजमधले प्रकाशाचे सेकंदाला तीन लाख किलोमीटर येतात कुठून? आर्यभटाच्या पृथ्वीचा व्यास १०५० योजनं. म्हणजे योजन साधारण बारा किलोमीटरचं. सूर्यसिद्धान्त या जुन्या खगोलग्रंथात तोच व्यास १६००. योजन आलं आठावर. निमिषाचीही तीच गत. मनुस्मृतीत अठरा निमिषांची काष्ठा (काळाचं पुढचं माप), विष्णुपुराणात पंधरांची. आर्यभटाचं योजन मनूच्या निमिषाला जोडा, तीन लाख येतात, अगदी चपखल. सूर्यसिद्धान्ताचं विष्णुपुराणाला जोडा, एक लाख चौसष्ट हजारांच्या आसपास अडकता. उत्तर आधी ठाऊक असलं की मापं निवडणं फार सोपं जातं!

पण पोथी एवढ्यात मिटू नका. मेसेज जिथे संपतो तिथून थोडंच पुढे आचार्य ‘ज्योतिष्कृत्’ शब्दाशी येतात. रात्री चंद्राच्या जलमय बिंबावर पडलेले सूर्यकिरण उलटतात आणि अंधार घालवतात. कसे? दारातल्या आरशावर ऊन पडलं की घरातला काळोख जातो, तसे.

चंद्र पाण्याचा निघाला नाही. तो खडकाळ आहे आणि चांगलाच काळपट. अंगावरच्या उजेडातला जेमतेम बारा टक्के परत देतो. पण चांदणं हे उलटून आलेलं ऊनच, एवढं सायणाचार्यांनी नेमकं लिहून ठेवलंय, तेही कुणालाही घरी करून बघता येईल अशा दाखल्यासकट. हा मेसेज मला अजून कुणी पाठवलेला नाही.

[दृश्य: जुन्या वाड्याचं दार. उंबऱ्याशी आरसा.]

दुपारची वेळ. आरसा जरासा तिरपा धरलाय. कवडसा माजघराच्या भिंतीवरून सरकतो, खुंटी दिसते, मग कोनाडा, मग कोनाड्यातला तांब्या.