दोन रेघा आल्या, आता काय समजायचं?

(अक्कलकोट रोड एमआयडीसी. रात्रपाळी सुटतेय, मागे मागांचा खडखडाट चालूच.)

लग्नाला दोन वर्षं झाली आणि घरात पाळणा नाही हलला, की सोलापुरात दवाखान्याची पायरी आधी कोण चढतं? बाई. तिची सोनोग्राफी, तिचं थायरॉइड, तिच्या गर्भनळ्यांचा एक्सरे, मग अक्कलकोटला नवस, सोमवारचे उपवास, ते पण तिचेच. नवरा पाळीवर जातो, तंबाखूचा मावा चोळतो आणि कुणी विचारलंच तर "माझं सगळं ओके हाय बे" म्हणून मोकळा होतो, तपासलंय का तर नाही. खरं म्हणजे मूल राहत नाही अशा जोडप्यांत जवळपास निम्म्यांमध्ये पुरुषाच्या बाजूनंही काहीतरी कमी असतं, कधी एकट्याचं, कधी दोघांचं मिळून. आणि पुरुषाची पहिली टेस्ट, म्हणजे वीर्यतपासणी, काहीशे रुपयांत होते, सुई नाही काही नाही.

पण लॅबमध्ये ओळखीचा कोणी भेटला तर? सोलापूरच्या पूर्वभागात तर गल्लीत कुणाकडं काय शिजलं ते पण कळतं. म्हणून मग घरीच शुक्राणू तपासायचं किट ऑनलाइन येतं, साध्या खोक्यात.

(स्वयंपाकघर. ओट्यावर किट, शेजारी चहाचं पातेलं.)

"अहो, आली का ओ रेघ?"
"एक ठळक आलीय. दुसरी फिकट दिसायलीय, तूच बघ की."
"फिकट म्हणजे कमी का ओ?"

तर आधी हे बघू, की ही पट्टी नेमकं काय मोजते. शुक्राणूच्या डोक्यावर एक प्रोटीन असतं, पट्टीवरचं औषध त्याला धरतं आणि ठराविक आकड्याच्या वर शुक्राणू असले की टेस्टची, म्हणजे दुसरी रेघ उमटते. बऱ्याच पट्ट्यांत हा आकडा एका मिलीलीटरला 2 कोटी असतो. बस, एवढंच. ते शुक्राणू पळतायत का जागेवर पडून आहेत, आकार कसा आहे, वीर्य एकूण किती आलं, यातलं काहीही तिला कळत नाही. काही किट फक्त पोहणारे शुक्राणू मोजतात, काहींना मोबाईल लावून व्हिडिओ दिसतो, ते जरा बरे, पण पूर्ण रिपोर्ट ते पण नाहीत. फिकट रेघेला काय म्हणायचं ते प्रत्येक कंपनीच्या पत्रकात असतं, पत्रक फेकून देऊ नका आणि जितक्या मिनिटांत बघा म्हणलंय तितक्यातच बघा. आणि हो, नसबंदीनंतर तपासायचं किट पण मिळतं, त्याचा आकडा पार खाली, एका मिलीला अडीच लाखाच्या आसपास असतो, ते चुकून मागवलं आणि रेघ आली म्हणून पेढे वाटले तर अवघड आहे.

आता लॅबचा रिपोर्ट. डब्ल्यूएचओच्या (जागतिक आरोग्य संघटना) वीर्यतपासणीवरच्या 2021 च्या पुस्तकातले खालच्या मर्यादेचे आकडे असे: वीर्य 1.4 मिली, एका मिलीत 1 कोटी 60 लाख शुक्राणू, एकूण 3 कोटी 90 लाख, हलणारे 42 टक्के, एकूणातले नीट पुढं जाणारे 30 टक्के, आणि नॉर्मल आकाराचे फक्त 4 टक्के. या चार टक्क्यावर लई लोक घाबरतात, म्हणजे 96 टक्के खराब का? हो, बऱ्याच बाप झालेल्या माणसांचं पण तसंच असतं. कारण हे आकडे काढलेच अशा पुरुषांवरून, ज्यांच्या बायकांना वर्षाच्या आत दिवस गेले, आणि त्यातल्या सगळ्यात खालच्या पाच टक्क्यांच्या वर ही रेषा मारली. म्हणजे शंभरातले पाच बाप या रेषेच्या खालीच होते. खाली आला म्हणजे वांझोटा नाही आणि वर आला म्हणजे गॅरंटी नाही, हे दोन्ही घरात सगळ्यांना सांगायला पाहिजे, सासूबाईंना तर आधी.

आणि एका रिपोर्टवर कधीच जायचं नाही. एकाच माणसाचा आकडा या महिन्यात 1 कोटी आणि पुढं 4 कोटी येऊ शकतो. शुक्राणू तयार व्हायला साधारण 72 ते 74 दिवस लागतात, वर बाहेर यायच्या वाटेवर आणखी एकदोन आठवडे, म्हणजे आज जो आकडा दिसतोय तो तीन महिन्यांपूर्वीच्या शरीराचा आहे. जूनमध्ये डेंग्यू झाला, ताप 103 गेला, तर ऑगस्टचा रिपोर्ट वाईट येणारच, त्यावर आयुष्याचा निर्णय घेऊ नका.

सॅम्पलची पण गोष्ट आहे. दोन ते सात दिवसांचा गॅप ठेवायचा. महिनाभर साठवून ठेवलं की जोर वाढतो असं काहींना वाटतं, तसं नसतं, आकडा वाढतो पण जुने शुक्राणू मंद पडतात. साधा कंडोम नको, तेल नको, थुंकी नको, आणि पहिला थेंब सांडला तर परत द्या, कारण जास्त शुक्राणू त्या पहिल्या भागातच असतात. घरून नेणार असाल तर तासाच्या आत, शर्टाच्या आतल्या खिशात. मे महिन्यात पारा 43 असताना डबी गाडीच्या डिकीत टाकून सात रस्ता चौकापर्यंत आणली तर तो रिपोर्ट डिकीचा, तुमचा नाही.

(डाईंग युनिट. वाफ. कामगाराचे हात, चेहरा नाही.)

उन्हाचा विषय निघालाच आहे तर, अंडकोष शरीराच्या बाहेर का लटकतात? त्यांना पोटापेक्षा दोनचार डिग्री थंड लागतं. आणि आपल्याकडं काम कुठलं, तर डाईंगच्या गरम टाकीशेजारी, साखर कारखान्याच्या बॉयलरवर, बेकरीच्या भट्टीपुढं, नाहीतर हैदराबाद हायवेला दहा-दहा तास ट्रकच्या सीटवर. काम सोडा असं सांगणं सोपं, पगार कोण देणार? पण अधूनमधून उठणं, सैल सुती कपडे, मांडीवर लॅपटॉप न ठेवणं, एवढं जमतं.

सांगोला-पंढरपूरकडच्या डाळिंबवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. 1977 ला कॅलिफोर्नियातल्या एका कारखान्यात कामगारांच्याच लक्षात आलं की आपल्यात कुणालाच पोरं होईनात. तपासलं तर बऱ्याच जणांचे शुक्राणू शून्य किंवा अगदी कमी. कारण निघालं डीबीसीपी, जमिनीतल्या सूत्रकृमीवरचं औषध. आज तुम्ही फवारता ती औषधं वेगळी आहेत, पण उघड्या अंगानं फवारणी करून त्याच हातानं मावा मळायचा हे कुठल्याच औषधाला चालत नाही. मावा तर तसा पण सोडायचाच आहे. तंबाखू, सिगारेट, रोजची दारू, वाढलेलं पोट, न सांभाळलेली शुगर, सगळ्यांचा फटका इथं बसतो. सोडलं तर फरक बघायला तीन महिने द्या, आठ दिवसांनी परत किट लावून उपयोग नाही.

आता जिमवाल्या पोरांनो, नीट ऐका. ट्रेनर जे टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन मारतो ना, त्यानं ताकद वाढली तरी शुक्राणू बंद पडतात. बाहेरून हार्मोन आलं की मेंदू म्हणतो माल भरपूर आहे, कारखाना बंद करा. 1990 च्या सुमारास डब्ल्यूएचओनं हेच हार्मोन पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून तपासलं होतं! बंद केल्यावर बहुतेकांचं परत येतं, पण सहा महिने, वर्ष, कधी जास्त लागतं. आणि मेडिकलमधल्या त्या महागड्या ताकदीच्या गोळ्या? अमेरिकेत दोन हजारांहून जास्त जोडप्यांवर झिंक आणि फॉलिक ॲसिडचा अभ्यास झाला, 2020 ला निकाल आला, मूल होण्यात काही फरक पडला नाही. ते पैसे दुसऱ्या टेस्टला ठेवा.

दोन रिपोर्ट कमी आले तर युरोलॉजिस्टकडं जा, जाहिरातवाल्या बाबाकडं नाही. डॉक्टर हातानं तपासतात, हे टाळू नका. डाव्या बाजूला शिरा फुगलेल्या असतात, व्हेरिकोसील म्हणतात, साधारण शंभरात पंधरा पुरुषांना असतं, मूल न होणाऱ्यांत तर त्याहून बरंच जास्त, आणि त्याचं ऑपरेशन होतं. रिपोर्ट पूर्ण शून्य असेल तरी संपलं असं नाही, कधी फक्त वाट अडलेली असते, आणि 1992 पासून इक्सी आहे, म्हणजे लॅबमध्ये शुक्राणू थेट बीजात सोडतात, त्यात एका बीजाला एक शुक्राणू पुरतो.

आणि सगळं नॉर्मल असून राहत नाही, असं पण असतं. हा नाईटला, ती दिवसभर विड्या वळतेय, दोघं भेटतात रविवारी. बीज बाहेर पडल्यावर जेमतेम दिवसभर टिकतं, शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत जगतो, म्हणून बीज सुटायच्या आधीचे पाच दिवस आणि तो दिवस, एवढीच संधी, त्यात एकदोन दिवसाआड जवळ यायला पाहिजे. कामाची पाळी बदलून मागता येत असेल तर त्या आठवड्यात मागा. वर्षभर असं करून बघा, बायको 35 च्या पुढची असेल तर सहाच महिने, आणि मग दोघांच्या टेस्ट एकाच आठवड्यात करा, आधी तिच्या मग याची असं नाही.