पोकळ गोळ्यांची बॅटरी

‘बडा घर पोकळ वासा.’ मराठीत पोकळ म्हटलं की कमीपणाच आला. बॅटरीच्या प्रयोगशाळेत मात्र हीच पोकळी मुद्दाम, मेहनतीनं घडवतात.

तुमच्या फोनच्या बॅटरीत ऋण बाजूला बहुधा असतं ग्राफाइट, म्हणजे कार्बनचाच एक प्रकार. चार्जिंग होताना सहा कार्बन अणूंमागे एक लिथियम त्यात शिरतं. किती वीज साठते याचा हिशेब होतो ग्रॅममागे ३७२ मिलिअँपिअर-तास, त्यापुढे नाही. कल्हईचं कथील ठाऊक असेलच. त्याच्या ऑक्साइडचा हाच हिशेब ७८०च्या आसपास जातो.

मग अडतं कुठे? फुगण्यात. लिथियम आधी ऑक्साइडमधला ऑक्सिजन हिसकावतं, मग उरलेल्या कथिलात मुरतं. पाच अणूंमागे बावीस लिथियम! कथील तिपटीहून जास्त फुगतं, डिस्चार्ज होताना आक्रसतं. असं होत होत कणाला तडे जातात, त्याचा भुगा होतो.

म्हणून कण आतून रिकामा ठेवायचा. पातळ कवचाला आतल्या बाजूला फुगायला जागा मिळते.

ही पोकळी करायची कशी? कार्बनच्या गोळीवर ऑक्साइडचा लेप द्यायचा आणि गोळी जाळून टाकायची. मेण वितळवून मूर्ती ओतणाऱ्यांना ही युक्ती नवी नाही.

दुसरी वाट अमेरिकेतल्या डेट्रॉइटहून येते. धातुशास्त्रज्ञ अर्नेस्ट कर्केंडॉल यांनी पितळेवर मॉलिब्डेनमच्या तारा गुंडाळल्या, वरून तांब्याचा थर चढवला आणि ते तापवत ठेवलं. तारा जागच्या सरकल्या! पितळेतलं जस्त वेगानं बाहेर जात होतं, तांबं तितक्या वेगानं आत येत नव्हतं. धातूतले अणू आपसांत जागा बदलतात, हा तेव्हाचा पक्का समज. रॉबर्ट मेल यांच्यासारख्या धातुशास्त्रातल्या दिग्गजाला कर्केंडॉल यांचं म्हणणं पटेना. कर्केंडॉल यांचा निबंध छापून आला १९४७ साली. जस्त निघून गेल्यावर मागे बारीक पोकळ्या राहतात; धातूकामात तो दोषच.

२००४ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत रसायनशास्त्रज्ञ पॉल अलिव्हिसाटोस यांच्या गटानं तोच दोष कामाला लावला. गरम द्रावणातल्या कोबाल्टच्या अतिसूक्ष्म कणांना ऑक्सिजन दिला. ऑक्सिजन आत शिरण्याआधीच कोबाल्ट बाहेर धावलं, आणि मधे रिकामी जागा उरली.

तरीही बहुतेक फोनमध्ये आज मुख्यतः ग्राफाइटच आहे. पोकळी जागा खाते, आणि फोनमध्ये जागेचीच तर टंचाई. शिवाय पहिल्याच चार्जिंगला बरंचसं लिथियम अडकून पडतं, ते परत येत नाही. निदान जागा वाया जाऊ नये म्हणून काही संशोधक आता कवचाच्या आत कवच, त्याच्याही आत आणखी एक घडवताहेत. कांदा कापून पाहावा, तसं.