मराठी हळू पण असते?

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण, थोडे संपादित करून)

नमस्कार मंडळी.

परवा रात्री पाच वर्षांच्या नातीला मांडीवर घेऊन गोष्ट वाचत होते. बाकी घर झोपलेलं, म्हणून आवाज खाली. दोन पानं झाली आणि तिनं मान वर करून विचारलं, “आजी, मराठी हळू पण असते?”

मला आधी काही कळेना. मग उलगडा झाला. बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणून आपण दर १ नोव्हेंबरला काळ्या दिनाची निषेध फेरी काढतो, ती बघायला ती बाबाच्या खांद्यावर बसून गेली होती. ‘संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ ही घोषणा तिला तेव्हापासून पाठ आहे. पुढचे दोन दिवस अंगणात तेच चाललं होतं. शाळेत इंग्लिश, आईशी कन्नड, गल्लीत सगळ्याची मिसळ. माझ्याशी ती बोलते ते तिच्या लेखी नुसतं बोलणं. ‘मराठी’ या नावानं तिच्या कानावर जे पडलं, ते ओरडूनच पडलं.

गैरसमज नको. फेरीबद्दल माझ्या मनात काडीचाही किंतु नाही. माझे वडील १९५६ पासून जात होते, मी जाते, पाय चालतील तोवर जाईन. पण रस्त्यावर एवढा आवाज लावणारे आपण, घरात रोज पंधरा मिनिटं लेकराला काही वाचून दाखवतो का? कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, आपल्या खेड्यापाड्यांत संमेलनं होतात. पालखीतून ग्रंथ निघतात, लेझीम घुमते, आपले डोळे भरून येतात. पालखीतलं पुस्तक घरी मांडीवर कधी येतं? या बेळगावात १८४८ पासून सार्वजनिक वाचनालय आहे. तुमच्यातल्या किती जणांनी या वर्षात नातवंडाला तिथं नेलं? हात वर करा म्हणत नाही, कारण माझाच हात वर जायचा नाही.

मी मराठी शाळेतली शिक्षिका. बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलांना धडे वाचून दाखवले आणि १९९३ साली स्वतःच्या मुलाला इंग्लिश माध्यमात घातलं. शाळेतून दमून यायची, त्याला कधी गोष्ट वाचली नाही. तो घडघडा मराठी बोलतो, वाचताना मात्र हिंदीचं पुस्तक वाचल्यासारखा अडखळतो. ही चूक माझी आहे.

वाचून दाखवल्यानं काय होतं ते मी आता, या वयात, जवळून बघते आहे. ‘जेवलीस का, दप्तर भर, चप्पल घाल’ यापलीकडचे शब्द रोजच्या बोलण्यात किती येतात? ते पुस्तकातूनच येतात. आमच्या पुस्तकातल्या गोष्टीत विहिरीवरचा रहाट कुरकुरतो. तिनं रहाट बघितलेला नाही. त्या ओळीवर बोट ठेवून थांबली. मी हातानं दोर ओढून दाखवला, तोंडानं आवाज काढला. सकाळी ही परसात! आमच्या विहिरीवर आता जाळी आणि मोटर आहे. तिथं उभी राहून विचारते, “आपला रहाट कुठं गेला गं?”

तेच पुस्तक तिला सलग बाराव्यांदा हवं असतं. वैतागू नका. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली तीन वर्षांच्या मुलांवर हेच तपासलं. रोज नवी गोष्ट ऐकणाऱ्यांपेक्षा तीच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकणाऱ्या मुलांना नवे शब्द जास्त आले. आणि वाचताना मध्ये थांबून विचारा: ‘आता काय होईल? तो का रडतोय?’ अमेरिकेत १९८८ साली काही आईवडिलांना महिनाभर असं वाचायला शिकवलं, तर त्यांची मुलं बोलण्यात इतर मुलांच्या पुढं गेली. ती मुलं दोन-तीन वर्षांची होती. म्हणजे शाळेची वाट बघायची गरज नाही. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ तर तान्ह्या बाळापासून वाचा म्हणतात. अर्थ कळला नाही तरी मांडीची ऊब आणि आवाजाचा चढउतार कळतोच की.

यावरून घरात वादही झाला. सूनबाई गोकाककडची, माहेर कन्नड. ती म्हणाली, “अत्ती, इंग्लिश, कन्नड, वर मराठी, तिचा गोंधळ होईल.” मीही आवाज चढवला, चढवायला नको होता. रात्री नातीनं तिलाच रहाटाचं चित्र दाखवलं. ती म्हणाली, “आमच्याकडे याला राटे म्हणतात.” रहाट, राटे! पोरगी दोन्ही शब्द घोळवत झोपली. दुसऱ्या दिवशी सूनबाईनं स्वतः कन्नड चित्रांचं पुस्तक आणलं. आता एक रात्र तिची, एक माझी. आपला ‘ळ’ कन्नडातही आहे, हे नातीनंच शोधून काढलं. गोंधळ मला तरी कुठं दिसला नाही.

काळजी वेगळीच आहे. जूनमध्ये ती पहिलीत जाईल. मग ‘आता तुझं तू वाच’ म्हणून पुस्तक तिच्या हातात देऊन आपण मोकळे होतो, आणि तिथंच सगळं थांबतं. परवा माझा घसा बसला होता, म्हणून मुलाच्या हातात पुस्तक दिलं. चार ओळी वाचल्या, ‘कुरकुरतो’ला अडखळला. नात वाट बघत होती. त्यानं पुस्तक मिटून माझ्याकडं सरकवलं.

“आई, तू आहेस ना.”

मला ७२ वं चालू आहे.