पिन कुठं लावायची?

(सांगलीतल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. अध्यक्षांनी आत्ता सांगितलंच, मी प्राध्यापक नाही आणि लेखकही नाही. हरभट रोडच्या मागच्या बोळात गेली 34 वर्षं माझं रिपेअरिंगचं दुकान आहे. इथं समोर बसलेल्या कितीतरी घरांतले टेप, टीव्ही, रेडिओ माझ्या टेबलावर येऊन गेलेत. काहींचे चेहरे बघितले की मला आधी त्यांचा सेट आठवतो, मग नाव.

विषय पत्रिकेत छापलाय, ‘फोन आणि लॅपटॉपमधला हेडफोन जॅक : काढावा की ठेवावा’. जॅक म्हणजे इयरफोनची पिन घालायचं भोक, नव्या फोनांतून कंपन्या काढून टाकतायत ते. उत्तर आधीच सांगून टाकतो. ठेवावा. कारणं तीन आहेत, ती मी देणारच आहे. पत्रिकेत असंही लिहिलं होतं की घरात एका बाजूनं बंद पडलेले इयरफोन असतील तर येताना घेऊन या. बऱ्याच जणांच्या हातात पिशव्या दिसतायत. बरं वाटलं. ते काम शेवटी करू.

जॅक हा शब्द काउंटरवर कुणी म्हणत नाही. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, “मामा, एका बाजूनं येईना झालंय. पिन गेलीय का बघा की.” मोठी पिन, भजनी मंडळाच्या ॲम्प्लिफायरला लागते ती, तिला आमच्यात पी-38 म्हणतात. पाव इंची, म्हणजे 6.35 मिलिमीटर. फोनची 3.5 ची, तिला ईपी. दोघी एकाच कुळातल्या.

ही पिन मी पहिल्यांदा बघितली तेव्हा शाळेत होतो. माझी आत्या टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर होती. ट्रंक कॉलचे दिवस. मुंबईचा कॉल लावायचा तर सकाळी नंबर द्यायचा आणि फोनपाशी बसून राहायचं, हे इथल्या साठीपुढच्यांना सांगायला नको. दिवाळीच्या सुट्टीत एकदा आत्या मला सोबत घेऊन गेली. पुरुषभर उंच बोर्ड, त्यावर भोकांच्या ओळीच्या ओळी, खाली वायरींची रांग आणि प्रत्येकीच्या टोकाला पितळेची पिन. आत्या कानाला हेडसेट लावून एकाशी बोलत असायची आणि न बघता दुसऱ्या हातानं पिन उचलून नेमकी भोकात घालायची. टक्. लागला सातारा. टक्. लागलं पुणे. आपल्या पिनीचं मूळ असल्या बोर्डांवर आहे, एकोणिसाव्या शतकातलं. जॅक हे नावसुद्धा तिथलंच. पुढं ट्रान्झिस्टर आले तशी पिन बारीक झाली. 1979 साली सोनीचा वॉकमन आला, त्या पहिल्या मॉडेलला हेडफोनची दोन भोकं होती. एकाच कॅसेटवर दोघांनी ऐकावं म्हणून. मला ही गोष्ट फार आवडते. गाणं एकट्यानं ऐकायचं यंत्र काढलं आणि काढणाऱ्याला पहिल्यांदा आठवण झाली ती शेजारी बसलेल्याची.

आता पुराची गोष्ट सांगतो. ही थोडी लांबेल, पण या विषयावर बोलायला मी उभा राहिलो तो तिच्यामुळं.

ऑगस्ट 2019. आमचं घर गावभागात. 2005 चं पाणी आम्ही बघितलेलं होतं. ते कुठवर आलं होतं त्याची खूण भिंतीवर होती, म्हणून आम्ही हिशेबानं सामान त्या खुणेच्या वर ठेवलं आणि निश्चिंत झालो. इर्विन पुलापाशी 45 फूट म्हणजे धोका, हे सांगलीत पोरासोरांना पाठ असतं. पाणी 57 फुटांच्या वर गेलं. खूण बुडाली, सामान बुडालं. वरच्या मजल्यावर आमची चार माणसं आणि शेजारच्या घरातली सहा. लाइट गेलेली. मोबाइलला रेंज यायची-जायची, मग यायचीच बंद झाली. माझ्या मुलाचा फोन नवा, भारी, त्याला पिनीचं भोक नाही. त्याची बॅटरी पहिल्या रात्रीच बॅटरीसारखी, म्हणजे टॉर्च म्हणून वापरून संपली.

दहा माणसांना एकच गोष्ट कळायला पाहिजे होती. पाणी चढतंय की उतरतंय? कोयनेतून किती सोडलंय? खिडकीतून बघून हे कळत नाही. रात्री तर नुसता आवाज येतो.

माझ्या आईकडं बटणाचा साधा फोन होता. त्यात एफएम. पण रेडिओ लावला की स्क्रीनवर एकच ओळ यायची, इयरफोन जोडा. कारण असल्या फोनला रेडिओची वेगळी अँटेना नसते. इयरफोनची वायर हीच अँटेना. एफएमच्या लाटेची लांबी साधारण तीन मीटर, तिचा पाव हिस्सा म्हणजे 75 सेंटिमीटर तार मिळाली तरी काम भागतं. इयरफोनची वायर मीटरभर तर असतेच. सगळं ठाऊक होतं मला, पण इयरफोन कुठाय? माझ्या दुकानात शंभर होते आणि दुकान पाण्यात.

शेजारची मुलगी, तेव्हा नववीत असेल, तिनं दप्तराच्या कप्प्यातून एक गुंता काढला. म्हणाली, “काका, पण ह्ये दोन्हीकडनं बंद हायत. टाकायचे राहिलेत.” मी म्हटलं, दे बाळ. पिन लावली, फोन स्पीकरवर केला आणि वायर खिडकीच्या गजाला गुंडाळली. कान गेले होते, पण तार होती. खरखर झाली आणि माणसाचा आवाज आला. बातम्या. पाण्याची पातळी, विसर्ग, बोटी कुठं फिरतायत ते. आईनं त्या फोनला हात जोडले.

दोन दिवस आम्ही ठरावीक वेळी पाच-पाच मिनिटं रेडिओ लावत होतो. बटणाच्या फोनच्या बॅटरीचा एक कांडा उतरला, बस्स. पाणी इंच-इंच उतरतंय हे आधी रेडिओवर ऐकलं, मग जिन्याच्या पायरीवर बघितलं. मुलाच्या महागाच्या फोनमध्ये रेडिओची चिप असेलही. तिचा उपयोग काय? तार लावायची कुठं?

पुढं 2023 च्या मे महिन्यात केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान खात्यानं मोबाइल उद्योगाला सूचना दिली, की फोनमध्ये एफएम असेल तर तो बंद ठेवू नका, नसेल तर घाला. आपत्तीच्या वेळी लागतो, हेच कारण दिलं होतं. ती बातमी वाचून मी आईच्या फोटोपुढं उभा राहिलो. सूचना योग्यच आहे. पण रेडिओ पाहिजे तर त्याच्या तारेची जागाही राहिली पाहिजे.

जाता जाता आणखी एक. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये शाळा फोनवर भरायला लागल्या तेव्हा माझ्याकडं इयरफोनचा ढीग लागला होता. एका घरात तीन पोरं आणि एक फोन. शंभर रुपयांचा इयरफोन, तोही तुटका. ते काम दाखवतोच तुम्हाला.

वायर तुटते ती पिनीच्या मानेपाशी. फोन खिशात कोंबला की मान मुडपते. तेवढा दोन इंचांचा तुकडा कापायचा आणि वरचं साल सोलायचं. आत केसासारख्या तारा निघतात, दोऱ्याला गुंडाळलेल्या. बहुतेकदा लाल ती उजव्या कानाची, हिरवी किंवा निळी डाव्याची, तांब्याच्या रंगाची ग्राउंड, म्हणजे दोन्ही कानांची सामाईक. नवशिका इथं फसतो. तो सरळ डाग द्यायला जातो आणि डाग धरत नाही, कारण त्या रंगाचं वार्निश असतं तारेवर. आधी सोल्डरिंगच्या गनच्या टोकावर सोल्डरचा थेंब घ्यायचा आणि तार त्यात बुडवून धरायची. बारीक धूर निघतो, वास येतो, तार रुपेरी होते. मग डाग धरतो. पिनीच्या टोकाला डावा कान, पुढच्या कड्याला उजवा, मग ग्राउंड, माइक असेल तर त्याला चौथी पट्टी. पिनीचे वीस रुपये, मजुरी तीस. पोरगं पुन्हा वर्गात बसतं.

चिठ्ठी आलीय. दहा मिनिटं. म्हणजे ज्यासाठी तुम्हाला बोलावलं ते अजून व्हायचंय. भरभर सांगतो.

पहिलं कारण हेच, दुरुस्ती. 7 सप्टेंबर 2016 ला ॲपलनं आयफोन 7 दाखवला, त्यात जॅक नव्हता, आणि त्यांचे अधिकारी फिल शिलर यांनी त्यामागं धैर्य आहे असं सांगितलं. जॅक काढणारे ते पहिले नव्हेत, ओप्पोनं त्याआधीच काढून बघितला होता. पण वाट त्यांनी रुळवली. त्याच दिवशी बिनवायरीचे एअरपॉड्सही दाखवले. आयफिक्सिट नावाची मंडळी यंत्रं उघडून दुरुस्तीसाठी दहापैकी गुण देतात, त्यांनी पहिल्या एअरपॉड्सना शून्य दिला. का, ते मी सांगतो. कानातल्या त्या बोंडात चिमुकली बॅटरी असते आणि सगळं चिकटवून बंद केलेलं असतं. काही वर्षांत बॅटरी दमते. उघडायला गेलं तर कवच फुटतं. माझ्याकडं लोक ते घेऊन येतात, तेव्हा 34 वर्षांच्या कामानंतर मला ‘होत नाही’ म्हणावं लागतं. वायरवाल्याला मी हा शब्द क्वचित वापरलाय.

दुसरं कारण उशीर. मिरज इथून किती लांब आहे? गाण्याच्या त्या गावाशेजारी बोलताना हे सांगावंही लागणार नाही. तिथली गाणं शिकणारी एक मुलगी माझ्याकडं आली, रडवेली. तबल्याच्या ॲपवर ती गायची, त्यातच रेकॉर्ड करून गुरुजींना पाठवायची. गुरुजी म्हणायचे, प्रत्येक समेला उशिरा येतेस. नवा फोन, नवे ब्लूटूथ. साध्या ब्लूटूथला आवाज कानात पोचायला 150 ते 250 मिलिसेकंद सहज लागतात. द्रुत तीनतालात मिनिटाला 240 मात्रा धरल्या तर एक मात्रा 250 मिलिसेकंदांची. पोरगी जवळजवळ मात्राभर मागं पडलेला तबला ऐकत होती आणि इमानानं त्याच्याबरोबर गात होती. 200 मिलिसेकंदांत आवाज हवेतून 68 मीटर जातो. म्हणजे तबलजीला 68 मीटर लांब बसवून गायचं! सिनेमा बघताना हे जाणवत नाही, कारण ॲप चित्रच तेवढं मागं सरकवतं. माणसाचा गळा मागं सरकवता येत नाही. तिच्या जुन्या फोनला पिन लावून मी पुन्हा रेकॉर्ड करायला लावलं. सम समेवर आली. तिचा चेहरा तुम्ही बघायला पाहिजे होता.

तिसरं. हे भोक कुणा एकाच्या मालकीचं नाही. कुठल्याही कंपनीची पिन कुठल्याही यंत्राला लागते. जोडी जुळवायची नाही, चार्जिंग नाही, परवानगी नाही. लोक म्हणतात, ॲडॅप्टर घ्या की. घ्या. पण टाइप-सीचे ॲडॅप्टर दोन जातींचे असतात. एकात नुसती वायर, दुसऱ्यात डिजिटलचा आवाज करणारी बारीक चिप. बाहेरून दोन्ही सारखे. नुसत्या वायरीचा एका फोनवर चालतो, दुसऱ्यावर मुका. गिऱ्हाईक तीन-तीन ॲडॅप्टर घेऊन येतं. आणि तो लावला की चार्जरला जागा नाही.

समोरच्या बाजूचं ऐकूया. आत जागा मिळते, हे खरं आहे. जॅक नसला की आत पाणी जात नाही म्हणतात, तर सॅमसंगचा एस7 त्याच 2016 चा, जॅक होता आणि आयपी68, म्हणजे पाण्यात बुडाला तरी टिकणाराही होता. बहुतेकांना आता वायर नकोच असते, हेही खरं. माझी सूनच वापरत नाही, आणि धावायला जाताना तिचं बरोबर आहे. तिनं बिनवायरीचे वापरावेतच. पण सोनीनं 2019 च्या एक्सपीरिया 1 मध्ये जॅक ठेवला नव्हता आणि पुढच्याच वर्षीच्या मॉडेलात तो परत आणला. म्हणजे आणता येतो. लॅपटॉपचं तर कारणच कळत नाही. डेलनं 2022 च्या एक्सपीएस 13 प्लसमधून काढला. उलट फोनमधून पहिल्या धडाक्यात काढणाऱ्या ॲपलनं 2021 च्या मॅकबुक प्रोमध्ये जॅक ठेवलाच, वर जास्त ताकद मागणारे मोठे हेडफोन चालावेत असा सुधारला. गाणं मिक्स करणाऱ्या माणसाला काय लागतं हे त्यांना माहीत आहे. तेच मिरजेच्या पोरीलाही लागतं.

मला काय पाहिजे? स्वस्त फोनांत अजून जॅक आहे, तो तिथून जाऊ नये. जिथं नाही तिथं खोक्यावर मोठ्या अक्षरात छापावं, आणि चालणारा ॲडॅप्टर खोक्यातच द्यावा. डिसेंबर 2022 मध्ये सरकारनं राईट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलंय, त्याच कामात कानातल्या या बोंडांची बॅटरी बदलता यावी हेही धरावं. युरोपात 2027 च्या फेब्रुवारीपासून अशा यंत्रांच्या बॅटऱ्या वापरणाऱ्याला काढता येतील अशा ठेवायचा नियम लागू होतोय. आणि तुम्ही नवा फोन घ्यायला गेलात की दुकानदाराला एवढंच विचारा, पिन कुठं लावायची? दहा जणांनी विचारलं की तो कंपनीच्या माणसाला सांगतो. मी स्वतः दुकानदार आहे, आम्ही सांगतो.

अध्यक्ष उभे राहिले. ठीक. चिठ्ठी आली तेव्हाच माझ्या मुलानं मागच्या टेबलावर गन लावलीय, ती आता तापली असेल. पहिल्या रांगेपासून या. ज्यांनी फोनही आणलाय त्यांनी आधी तो द्या. पुष्कळदा पिन चांगली असते आणि भोकात खिशातला कापूस दाबून बसलेला असतो. सुईनं निघतो, त्याचे पैसे नाहीत. बाकीच्यांनी कुठल्या कानात ऐकू येत नाही ते आत्ताच बघून ठेवा, म्हणजे मला तार शोधायला वेळ जाणार नाही.