झाडू न लागणारा कोपरा

[दृश्य: सकाळचे शाळेचे अंगण. खराट्याचा आवाज.]

महाराष्ट्रातील बहुतेक गावांत शाळेची घंटा होण्याआधी हा आवाज कानावर येतो. अंगण खराट्याने झाडले जाते, रात्रीतून पडलेली पाने कुंपणाकडे ओढली जातात आणि अनेक ठिकाणी त्या ढिगाला काडी लावली जाते. धूर विरला की अंगण स्वच्छ झाले असे आपण समजतो. याच अंगणात मुलांसाठी बाग करावी, आणि ती अशी असावी की पक्षी, फुलपाखरे, बेडूक व सरडे तेथे आपण होऊन राहायला यावेत, असे काही स्वयंसेवक ठरवतात, तेव्हा त्यांची पहिली गाठ या खराट्याशी पडते. खड्डे खणणे कष्टाचे असले तरी सोपे असते. वर्षानुवर्षांची झाडलोटीची सवय एका कोपऱ्यापुरती थांबवणे फार अवघड जाते.

[दृश्य: टिकाव, पहार, घमेली. महाविद्यालयीन मुले-मुली खड्डे खणत आहेत.]

हे स्वयंसेवक कोण असतात? काही शाळेचे माजी विद्यार्थी असतात, काही पालक असतात. शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेला जी व्यवस्थापन समिती दिली, तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, आणि त्यांपैकी कोणाकडे बैलगाडीभर शेणखत असते, तर कोणाच्या हाताला कुंपणाची गाठ मारण्याची सवय असते. खणण्याच्या कामाला मात्र बहुधा राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी लागतात. १९६९ साली सुरू झालेल्या या योजनेत महाविद्यालयीन विद्यार्थी सात दिवसांच्या विशेष शिबिरासाठी एखाद्या गावात मुक्कामाला जातात आणि सकाळच्या सत्रात श्रमदान करतात. ही शिबिरे पुष्कळदा हिवाळ्यात होतात. लागवडीच्या दृष्टीने तो हंगाम चुकीचा वाटेल, पण खड्ड्यांसाठी तोच योग्य आहे. दख्खनच्या पठारावर हातभर मातीखाली मुरूम लागतो आणि त्याखाली काळा कातळ. अशा जमिनीत दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन तो उन्हाळाभर तापू द्यावा, मग पोयटा, शेणखत आणि पालापाचोळा यांनी भरावा आणि चांगला पाऊस झाल्यावरच रोप लावावे, हे शेतकऱ्यांना सांगावे लागत नाही. ५ जूनला, पाऊस येण्याआधीच, छायाचित्रापुरती रोपे लावणाऱ्या पाहुण्यांना ते अजूनही सांगावे लागते.

[दृश्य: रोपांच्या पिशव्या. पानाच्या मागच्या बाजूला एक अळी.]

कोणती झाडे लावायची, यावर सर्वांत जास्त चर्चा होते आणि ती व्हायलाही हवी. शाळेच्या आवारात हमखास दिसणारा गुलमोहर मादागास्करहून आलेला आहे, आणि गिरिपुष्प मध्य अमेरिकेतून. त्यांची सावली खोटी नाही. मात्र येथल्या कीटकांना त्यांच्या पानांची पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख नाही, आणि सारी मेख तेथेच आहे. फुलपाखरू फुलातल्या मधावर जगते, पण त्याची अळी पानावर वाढते, आणि बहुतेक जातींच्या अळ्यांना ठरावीक वनस्पतींचीच पाने चालतात. म्हणून नुसती रंगीबेरंगी फुलांची वाफी केली, तर फुलपाखरे येतात, मध पितात आणि अंडी घालायला दुसरीकडे निघून जातात.

त्यांना राहायला लावणारी झाडे दिसायला साधी असतात. कढीपत्ता आणि लिंबू यांवर काळ्या-पांढऱ्या मोठ्या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात; त्या लहानपणी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात आणि मोठ्या झाल्या की पानासारख्या हिरव्या होतात. अशा अळीला काडीने हळूच डिवचले, तर ती डोक्यामागून दोन फाट्यांचे शिंगासारखे इंद्रिय बाहेर काढते आणि त्याला उग्र वास येतो. मुले हा प्रयोग एकदा करतात आणि मग आठवडाभर सर्वांना सांगत राहतात. रुईची पाने खाणारी अळी त्या चिकातले विष अंगात साठवते. तिच्यापासून झालेले नारिंगी फुलपाखरू पक्ष्यांना नकोसे होते, आणि म्हणूनच ते इतक्या संथपणे, निर्धास्त उडते. पानफुटीच्या मांसल पानात तर एक अळी आत शिरूनच गर खाते, त्यामुळे पान वरून धड दिसते आणि उजेडाकडे धरले की पोकळ निघते. बहावा, पावसाळ्यात आपोआप उगवणारा टाकळा, कुंपणालगतचे करवंद यांनाही येथे जागा द्यावी. नीलवंत हे राज्याचे फुलपाखरू असल्याचे २०१५ साली जाहीर झाले आणि तेव्हापासून ते सामान्यज्ञानाच्या वहीत पाठ केले जाते. त्याची अळीही लिंबाच्याच कुळातील पाने खाते. ते जास्त पावसाच्या, झाडीच्या प्रदेशात अधिक दिसते. त्यामुळे कमी पावसाच्या तालुक्यातील शाळेने त्याच्यावाचून हिरमुसण्याचे कारण नाही, रुईवरचे फुलपाखरू तिच्याकडे नक्की येते.

येथे पालकांची एक रास्त शंका येते. ज्या शाळेत पोषण आहारासाठी परसबाग आहे, तेथे अळ्या पाळायच्या, तर भाजी कोण खाणार? भाजीच्या वाफ्यांशेजारी अळ्यांसाठी वेगळी झाडे ठेवणे, हा त्यावरचा व्यवहार्य मार्ग असतो, कारण लिंबावरची अळी वांग्याकडे फिरकत नाही. कीटकनाशकाची फवारणी मात्र दोन्हीकडे बंद ठेवावी लागते. चिमणी स्वतः दाणे खात असली, तरी पिल्लांना ती मुख्यतः अळ्या आणि किडेच भरवते. औषध मारलेल्या अंगणात लाकडी घरटी टांगून चिमण्यांची वाट पाहणे व्यर्थ आहे.

[दृश्य: मातीचे उथळ भांडे, त्यात दोन दगड. हात धुण्याचे नळ.]

पाण्याची सोय दोन प्रकारे केली जाते. पक्ष्यांसाठी उथळ मातीचे भांडे पुरते. त्यात एक-दोन दगड ठेवले, म्हणजे मधमाशीलाही टेकायला जागा होते. डासाच्या अंड्यापासून उडणारा डास व्हायला उबदार हवेत साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आरोग्य खाते आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगते. तोच नियम या भांड्याला लावून ते ठरावीक वारी घासून पालथे घालण्याचे काम मुलांकडे दिलेले असते. दुसरे पाणी आहे दुपारच्या जेवणानंतर हात आणि ताटे धुतल्याचे. पूर्वी ते गटारात जात असे किंवा नळापाशी चिखल करीत असे. स्वयंसेवकांनी चर खणून ते वळवले, की त्या ओलीवर केळ, कर्दळ आणि अळू तरारतात. अळूच्या पानांवर शेपटाकडे काटा असलेली जाडजूड अळी सापडली, तर ती रात्री फिरणाऱ्या एका मोठ्या पतंगाची असते. वडीसाठी पाने तोडणाऱ्या स्वयंपाकी मावशी तिला उचलून पलीकडच्या पानावर ठेवू लागल्या, की बाग रुजली म्हणायची.

जेथे पाणी मुबलक आहे, तेथे छोटे तळेही केले जाते, पण त्याला कुंपण आणि उतरत्या कडा हव्यात. डासांसाठी त्यात गप्पी मासे सोडण्याचा मोह आवरावा. हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेचा, आणि बेडकांची अंडी व लहान पिल्लेही तो सोडत नाही. चतुराच्या पाण्यातील पिल्लांना काही काळ मिळाला, तर डासांच्या अळ्यांवर तीही ताव मारतात.

[दृश्य: चुन्याने रंगवलेल्या दगडांची रांग. पलीकडे पानांचा थर आणि वाळका ओंडका.]

आता पुन्हा खराट्याकडे यावे लागते. कुंपणाजवळची जागा दगडांनी आखून घेतली जाते आणि तेथे झाडू लावायचा नाही, पाने जाळायची नाहीत, असे ठरते. दगडांना चुना लावण्यामागे व्यवहारज्ञान आहे, कारण तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांना हा गलथानपणा नसून मुद्दाम केलेली व्यवस्था आहे, हे लांबूनच कळावे लागते. थरातील पाने कुजू लागली, की गांडुळे, गोम, पैसा येतात, त्यांच्यामागे सरडे येतात, आणि पाने उलटीसुलटी करीत किडे टिपणारा दयाळ सकाळी हजेरी लावतो. वाळक्या ओंडक्यात काळा भुंगा गोल भोक पाडून घर करतो. बांबूच्या पोकळ तुकड्यांची मोळी टांगली, तर एकट्या राहणाऱ्या लहान मधमाश्या आणि गांधीलमाशीच्या कुळातील काही माश्या त्यांत अंडी घालून मातीने तोंडे लिंपून टाकतात.

सापाचे काय, हा प्रश्न ग्रामसभेत विचारला जातोच, आणि त्याला हसण्यावारी नेणे बरे नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप महाराष्ट्रात आहेत. त्यामुळे पाचोळ्याचा कोपरा वर्गांपासून, स्वच्छतागृहापासून आणि खेळाच्या जागेपासून दूर घेतात, मधला पट्टा मोकळा ठेवतात, मुले तेथे मोठ्या माणसाबरोबर आणि पायात बूट घालूनच जातात, आणि सर्पमित्राचा क्रमांक कार्यालयात लिहून ठेवलेला असतो. धान्याचे पोते उघडे राहिले, तर उंदरांमागून साप स्वयंपाकघरातही येतो. तेव्हा ते झाकून ठेवणे हा याच कामाचा भाग ठरतो.

प्राण्यांसाठी जागा करायची म्हटल्यावर कोणीतरी उत्साहाने पोपटाचा पिंजरा किंवा कासव भेट देऊ करतो. भेट नम्रपणे परत करावी लागते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्याकडील पोपट किंवा तारा कासव पाळणे हा गुन्हा आहे. या बागेत पिंजरा नसतो. शिंपी पक्षी दोन पाने शिवून घरटे करतो, ते मुलांनी पाच पावलांवरून पाहायचे असते. सुगरणीच्या खोप्याचे कौतुक करताना तो विणणारा नर असतो, हेही त्यांना तेव्हाच कळते.

[दृश्य: मे महिना. बंद फाटक. तापलेले अंगण.]

शाळेतील बहुतेक बागा सुट्टीत मरतात. लागवडीला माणसे मिळतात, छायाचित्राला मिळतात, मे महिन्यात दुपारी कळशी आणायला मिळत नाहीत. विदर्भात तर उन्हामुळे शाळा इतर भागांपेक्षा उशिरा उघडतात, म्हणजे तहान आणखी लांबते. त्यासाठी रोपाच्या मुळाशी तळाला भोक पाडून वात लावलेले मडके पुरतात, आळ्यात पाचोळ्याचे जाड आच्छादन देतात, आणि शाळेजवळ राहणाऱ्या पाच-सहा घरांची पाळी लावतात. पाळीचा कागद फाटकावर चिकटवलेला असतो आणि त्यावर वारासमोर मुलांची नावे असतात, कारण मोठ्यांच्या नावापेक्षा ती जास्त पाळली जातात, असा अनुभव आहे.

[दृश्य: जून. ओले अंगण. पहिलीची मुले दगडांच्या रांगेपाशी उभी आहेत.]

शाळा उघडते त्या दिवशी सकाळी पुन्हा खराट्याचा आवाज येतो. चुन्याच्या दगडांपाशी तो थांबतो आणि वळतो. पावसाने दगडांवरचा चुना धुऊन निघालेला असतो. चौथीतली दोन मुले डबा आणि कुंचला घेऊन तो पुन्हा लावायला बसतात.